परस्पर फेडलेली शपथ

ते साल एकोणीसशे चौसष्ट. त्या वर्षी पुस्तकबांधणीच्या कारखान्यात विजेवर चालणारा कटर आला आणि महिनाभर त्याला हात लावायला कुणी धजेना, म्हणून साल पक्कं लक्षात राहिलं. त्याच वर्षी आपानं भरल्या कारखान्यात अल्लाची शपथ घेतली आणि आठवडाभर सगळ्या कामाचा गाडा रुतून बसला.

कारखाना हे आपलं म्हणायला. खरं तर ती एक लांबट खोली होती. एका भिंतीला उंच खिडक्या, दुसऱ्या भिंतीला पुठ्ठ्यांच्या थप्प्या, कोपऱ्यात खळ शिजवायची शेगडी. त्या खळीचा वास बायकांच्या केसांत असा मुरायचा की घरी गेल्यावर पोरं म्हणायची, आई आली, पुस्तक आलं. मधोमध एक लांब टेबल. त्याच्या एका बाजूला घडीवाली बसायची आणि समोर आपा.

घडीवाली म्हणजे घड्या घालणारी. छापखान्यातून आलेला मोठा कागद तीनदा दुमडला की सोळा पानांचा फर्मा होतो. घडी केसभर जरी चुकली तरी पुढं पानावरच्या ओळी तिरक्या पळतात. घडीवालीची घडी कधी चुकत नसे. हाडाची गुळगुळीत पट्टी तिच्या मुठीत अशी बसलेली, जणू सहावं बोटच. ती ख्रिस्ती, बिनलग्नाची, रविवारी चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसणारी. आपा मुसलमान, विधवा, घरी म्हातारे सासरे. घडीवालीनं घातलेले फर्मे एकावर एक ठेवून, मेण लावलेल्या दोऱ्यानं, घडीच्या पोटातून सुई घालून ती ते शिवायची. एकीनं घडी घालायची, दुसरीनं तिच्या पोटातून दोरा न्यायचा. बावीस वर्षं हे चाललं होतं. आपाचं खरं नाव कारखान्यात कुणाला ठाऊक नव्हतं. आपा म्हणजे थोरली बहीण, तरी तिच्याहून मोठे असलेले मालकसुद्धा तिला आपाच म्हणत.

दोघींचं धर्मावरून रोज वाजायचं, पण ते लोणच्यासारखं, जेवणाला चव आणण्यापुरतं.

"घडीवाले, तुमचं बरं आहे," आपा म्हणायची, "सगळं तुमच्या येशूनं भोगून ठेवलंय. तुम्ही नुसती सही करायची."

"आणि तुम्ही जन्मभर उजव्या खांद्याकडं, डाव्या खांद्याकडं बघत बसायचं, कुठल्या फरिश्त्यानं काय लिहिलं म्हणून. मान नाही दुखत?"

"दुखते. पण ताठ राहते."

त्या दिवशी मात्र लोणचं नासलं.

घडीवालीचा थोरला भाऊ तीन आठवड्यांपूर्वी गेला होता. पिऊन पिऊन यकृत गेलं. इस्पितळात शेवटच्या दिवशी तो रडला, चर्चच्या पाळकांनी प्रार्थना म्हटली, त्यानं मागोमाग ओठ हलवले आणि संध्याकाळी आटोपला. त्यानंतर प्रथमच घडीवालीचा चेहरा जरा मोकळा दिसत होता.

"आपा, काल पाळक घरी आले होते," पट्टी फिरवता फिरवता ती म्हणाली. "म्हणाले, दादाची काळजी सोड. त्यानं मनापासून प्रभूला हाक मारली. त्याची पापं धुतली गेली, तारण झालं."

आपानं दोरा मेणावरून ओढला. गप्प बसायला हवं होतं, हे तिला पुढं जन्मभर वाटत राहिलं. पण त्या भावाच्या बायकोला, घडीवालीच्या वहिनीला, आपानं पाहिलं होतं. पट्ट्याचे वळ झाकायला भर उन्हाळ्यात लांब बाह्या घालून यायची ती.

"कशावर झालं?"

"विश्वासावर. आणखी कशावर होतं?"

"आणि ती वीस वर्षं?"

"कसली वीस वर्षं?"

"तुझ्या वहिनीनं मारात काढलेली. जाताना त्याला देवाची माफी मागायचं सुचलं, तिची नाही सुचलं? अगं, देवाचं देवाजवळ, माणसाचं माणसाजवळ. माणसाला दुखवलेलं आमच्यात देवसुद्धा परस्पर माफ करत नाही. ज्याला दुखवलं त्याच्या दारात जावं लागतं."

"त्याच्यात बोलायची ताकद नव्हती, आपा."

"पाळकांशी बोलला की."

टेबलाभोवतीचे सगळे हात थांबले. घडीवालीनं पट्टी खाली ठेवली.

"बरं," ती हळू आवाजात म्हणाली. "तुमच्यात सगळं तोलून मापून. मग तुझ्या नवऱ्याचं काय झालं? एक नमाज चुकवली नाही. आणि सख्ख्या भावाशी अकरा वर्षं अबोला. भावाच्या मातीलाही गेले नाहीत. ते कुठल्या पारड्यात घातलं गं तुमच्या अल्लानं?"

आपाच्या हातातला दोरा तुटला. ती उभी राहिली.

"अल्लाची शपथ," ती म्हणाली, "आजपासून तुझ्या हातची घडी माझ्या सुईखाली येणार नाही."

मालकांना हे कळलं तेव्हा ते खिशातली पोलादी पट्टी काढून उगाचच टेबल मोजू लागले. घाबरले की ते असंच काहीतरी मोजायचे, म्हणून पोरी त्यांना पाठीमागं 'सहा इंची' म्हणत. काम चालू होतं चर्चच्याच गीतपुस्तकांचं, तीनशे प्रती, आणि शिवणारी दुसरी बाई बाळंतपणाला गेलेली. मालकांनी आपल्या भाचीला घडीवर बसवून पाहिलं. तिच्या घडीत ओळी अशा चढल्या की पाळकांना डोंगरावर उभं राहूनच गीत म्हणावं लागलं असतं.

"बायांनो," मालक सोमवारी हात जोडून म्हणाले, "तुमच्या देवांनी आपसात काय मिटवायचं ते मिटवावं. मला पुस्तकं हवीत." मग आपाला बाजूला घेऊन त्यांनी खरं सांगितलं, "शिवणारी मला दुसरी मिळत नाही. घडी घालणारी शोधली तर मिळेल. शनिवारपर्यंत बघतो, आपा. नाहीतर तिला मला रजा द्यावी लागेल. कायमची."

आपा जागेवर परत आली. आपल्या एका वाक्यानं त्या बाईची भाकरी जाणार, हे तिला दिसत होतं. आणि शपथ तर अल्लाच्या नावानं घेतलेली. तिनं स्वतःला समजावलं, मी काय करू, आता नाव घेऊन बसले. मंगळवार गेला, बुधवार गेला. समोरासमोर बसून एक कुणी न शिवायच्या घड्या घालत होती, दुसरी जुन्या वह्यांची डागडुजी करत होती, आणि दोघी एकमेकींच्या हातांकडं बघत नव्हत्या.

शुक्रवारी सकाळी घडीवाली आली ती चेहरा उजळूनच. नळावर आपा खळीचे हात धूत होती, तिथंच तिनं तिला गाठलं.

"झालं, आपा. सुटलीस तू."

"कशातून?"

"शपथेतून. तूच नव्हतं का सांगितलंस, तुझ्या धाकट्या बहिणीनं शपथ मोडली तेव्हा? दहा गरिबांना जेवू घालायचं, की शपथ फिटते. काय म्हणता तुम्ही, कफ्फारा. काल मी निराधारांच्या घरी गेले आणि दहा म्हातारे मोजून जेवू घातले. मटण, पाव, वर प्रत्येकाला एक संत्रं. सांगितलं सगळ्यांना, हे आपाच्या नावानं. आता ये आणि शीव."

आपा ओल्या हातांनी तिच्याकडं बघतच राहिली. मग तिला हसू फुटलं. आठवड्यात पहिल्यांदाच.

"अगं वेडे! शपथ अजून मोडलीच नाही, तर फिटेल कशी? आजार यायच्या आधीच औषध पाजलंस."

"मग आता मोड."

"आणि शपथ माझी, तर जेवण तू कसं घालणार? मला न विचारता? माझ्या मनात नियत नाही, तसा संकल्प नाही, माझ्या हातचा घास नाही. तुझं पुण्य तुला लागलं, माझी शपथ जिथल्या तिथं आहे."

घडीवालीचा चेहरा पडला. "पण मी तुझ्यासाठी घातलं. तुझ्या जागी."

"तेच तर म्हणते. जागी होत नाही. तुझी भूक मी जेवून भागते का? कुणाचं ओझं कुणी उचलत नाही, घडीवाले. आई लेकाचं उचलत नाही. आमच्या धर्माचा हा कणाच आहे."

"आणि माझ्या धर्माचा कणा हाच की एकानं ते उचललं," घडीवाली म्हणाली. "न विचारता. आम्ही अजून चुकलोही नव्हतो तेव्हा. आता सांग, मी दुसरं काय शिकणार होते?"

आपाला उत्तर येत होतं, चांगली दहा उत्तरं येत होती. निर्दोषाला शिक्षा देऊन दोषी सुटत असेल तर तो न्याय कसला? रहमान, दयाळू म्हणवणाऱ्याला माफ करायचं असेल तर त्याला कुणाचं रक्त कशाला हवं? एरवी तिनं ती नळावरच मोजून दिली असती. पण समोरच्या बाईचे हात तिला दिसले. मटण शिजवताना भाजलेला अंगठा, त्यावर खळीचा लेप. जिची नोकरी आपण घालवतोय, तिनं आपल्यासाठी दहा माणसं जेवू घातली. आपा म्हणाली, "मटण कशाला घातलंस? कफ्फाऱ्याला घरी खातो तेच घालायचं असतं. ना उंची, ना हलकं," आणि हात पुसत आत गेली.

दुपारची नमाज पढायला ती घरी आली. नमाज झाली तरी ती चटईवरून उठेना. सासरे खिडकीशी बसले होते. जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस, आता डोळ्यांत मोतीबिंदू. पण कान असे, की घरातलं घड्याळ अर्धा मिनिट मागं पडलं तरी ओळखायचे.

"सूनबाई, आठवडा झाला, तुझे पाय जड पडताहेत," ते म्हणाले. "काय आहे?"

आपानं सगळं सांगितलं. भावाचं, वहिनीचं, नवऱ्याबद्दल घडीवाली बोलली तेसुद्धा. ते ऐकताना म्हाताऱ्याचा हात गुडघ्यावर थांबला.

"खरं तेच बोलली की ती."

"अब्बा!"

"खरंच बोलली. कितीतरी वर्षांपूर्वी तुझ्या नवऱ्यानंही अशीच शपथ घेतली होती. ह्याच खोलीत. भावाचा उंबरा चढणार नाही म्हणाला, अल्लाचं नाव घेऊन. मी सांगितलं, मोड, दहा माणसं जेवू घाल, संपव. तर मला म्हणतो, अल्लाच्या नावाचा मान राखतोय. मान कुणाचा राखत होता, ते अल्लाला माहीत आणि मलाही माहीत. माझी दोन मुलं त्या शपथेत गेली, मरायच्या कितीतरी आधी." मग ते म्हणाले, "अल्लाचं नाव दाराला कडी घालायला दिलंय का गं तुला? चांगलं काम अडवणारी शपथ मोडायची असते. मोडायची आणि भरायची. वाट ठेवली आहे त्यानं, तर त्या वाटेनं जायला तुला कमीपणा कसला?"

आपाच्या लक्षात आलं की हे सगळं तिला सोमवारपासून माहीत होतं. बहिणीच्या वेळी तिनंच तर बहिणीला सांगितलं होतं. अडलं होतं ते धर्मात नव्हतं. आपण धाकटं व्हावं लागेल, एवढंच काय ते अडलं होतं. अल्लाचं नाव तिनं त्याच्यावर झाकणासारखं घातलं होतं.

शनिवारी सकाळी मालक दारातच पट्टी घेऊन उभे होते, चौकट मोजत. घडीवालीच्या पुढ्यात फर्म्यांची थप्पी पडलेली, कुणी न शिवलेली. आपा आली, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "शपथ घेतली तेव्हा सगळे होतात, मोडतानाही बघा. घडीवाले, तुझ्या भावाबद्दल मी बोलले ते बोलायची ती वेळ नव्हती. माफ कर."

"बोलणं चुकीचं होतं असं नाही म्हणालीस," घडीवाली म्हणाली.

"नाही म्हणाले. म्हणवणारही नाही. फर्मा दे."

घडीवालीनं वरचा फर्मा दिला. आपानं घडीच्या पोटात सुई घातली. कुणीतरी टाळी वाजवली, त्याला मालकांनी गप्प केलं आणि मग स्वतःच नाक शिंकरलं. संध्याकाळपर्यंत एकशे दहा प्रती शिवून झाल्या.

रविवारी चर्च सुटल्यावर दोघी निराधारांच्या घरी निघाल्या. पाव, डाळ आणि उकडलेले बटाटे, आपाच्या घरी रोज शिजतं तेच. पातेलं आपाच्या हातात आणि पावांची टोपली घडीवालीच्या कमरेवर.

"टोपली उचलू देतेस ना? का त्यानंही बिघडतं?"

"टोपली उचल. नियत मी उचलते."

थोडं चालल्यावर घडीवाली म्हणाली, "तू बोललीस ते टोचलं मला. बुधवारी वहिनीकडं गेले. म्हटलं, दादाच्या वतीनं माफी मागते. तर ती म्हणाली, त्याच्या वतीनं नको. त्याचं माझं वर बघून घेऊ. तू आजवर गप्प बसलीस, त्याची माग. मी मागितली."

"दिली?"

"दिली. मग मी तिथं राहिले रात्रीची. तिच्या हातचं जेवले." घडीवालीनं टोपली सावरली. "तुझा कणा तिच्याही अंगात दिसतो."

आपाला बरं वाटलं आणि तेवढंच लाजल्यासारखंही झालं. "एक विचारू? तुमचं तारण आधीच झालं असं मानता ना? मग गुरुवारी त्या म्हाताऱ्यांना जेवू कशाला घातलंस? त्यानं तुझं काय वाढणार होतं?"

"काहीच नाही. मिळालंय म्हणून घालते, मिळावं म्हणून नाही. पोटभर जेवलेला माणूस ताट दुसऱ्याकडं सरकवतो की नाही?"

आपाचा आजवर पक्का समज, की ज्याला माफी आधीच मिळाली तो कशाला कुणाचं भलं करेल. पण तो समज खोटा पाडणारी बाई बावीस वर्षं तिच्या समोर बसून घड्या घालत होती, आणि एकही घडी चुकली नव्हती.

"आता तूही एक ऐक," ती म्हणाली. "तुला वाटतं आम्ही कामं तराजूत टाकून जन्नत विकत घेतो. तसं नाही. आमच्या पैगंबरांना लोकांनी विचारलं, तर ते म्हणाले, कामाच्या जोरावर कुणीच आत जात नाही, मीसुद्धा नाही, त्याची दया झाली तरच."

घडीवाली रस्त्यातच थांबली. "मग एवढी वर्षं तू माझ्याशी भांडत काय होतीस?"

"दयेसाठी हात पसरायचा तर तो रिकामा कसा पसरू? काम करून मळलेला तरी असू दे. आणि दया सरळ मागता येते, मधे कुणी लागत नाही. तिथं आपलं जमायचं नाही."

"नाहीच जमायचं," घडीवाली खुशीत म्हणाली आणि चालू लागली.

निराधारांच्या घरी तेच दहा म्हातारे बाकावर बसलेले. त्यातला एक लंगडा, पूर्वी जहाजावर असलेला, डाळ बघून म्हणाला, "गुरुवारी मटण होतं. आपाच्याच नावानं."

"गुरुवारचं तिचं होतं, आजचं माझं आहे," आपा वाढत म्हणाली. "शपथ मी मोडली, म्हणून."

"मोडत जा," म्हातारा पाव मोडत म्हणाला. "आठवड्याला एक मोडत जा. आमची ना नाही."

आपानं दहाही जणांना आपल्या हातानं वाढलं, आणि शेवटचा पाव पुसून खाल्ला जाईपर्यंत ती तिथून हलली नाही.

पुढं कटरनंतर शिवायचं यंत्र आलं आणि एकोणीसशे बहात्तर साली मालकांनी कारखाना विकून मुलीकडं राहायला जाणं पसंत केलं. जाताना पोलादी पट्टी तिथंच विसरले, आणि तिच्यासाठी तिकडून दोन पत्रं आली. आपाचे सासरे मात्र त्या शपथेच्या पुढच्याच हिवाळ्यात गेले होते. त्याआधी आपानं एका सुट्टीच्या दिवशी आपल्या जावेचं दार ठोठावलं होतं. नवऱ्याचं ओझं माझं नाही, ती म्हणाली, पण पोरांना त्यांचा आजोबा दाखवणं माझ्याकडून राहून गेलं. म्हाताऱ्यानं नातवंडांना डोळ्यांनी नाही, आवाजानं ओळखून घेतलं. चार महिने मिळाले त्यांना.

घडीवाली आणि तिची वहिनी उतारवयात एकाच खोलीत राहिल्या. घडीवालीची नजर गेल्यावर आपा आठवड्यातून दोनदा जाऊन तिला तिचं धर्माचं पुस्तक वाचून दाखवायची. वाचायची अगदी स्वच्छ, मान राखून. मिटल्यावर मात्र दोन शब्द सुनावल्याशिवाय उठायची नाही. शेवटच्या आजारात एकदा घडीवालीनं विचारलं, "आपा, मी तरले असं वाटतं ना तुला?"

"ते ठरवणारी मी कोण? पण मला कुणी साक्षीला बोलावलं, तर मी तुझ्या सगळ्या घड्या सांगेन."

"घड्यांवर तरत नाही गं."

"माहीत आहे. तरी सांगेन."

घडीवाली त्याच आठवड्यात गेली. आपा त्यानंतर नऊ वर्षं जगली, डोळे आणि जीभ दोन्ही शेवटपर्यंत शाबूत. तिचा जनाजा निघाला तेव्हा ऐंशी उलटलेली वहिनी काठी टेकत कोपऱ्यापर्यंत आली होती, आणि सगळे वळणापलीकडं दिसेनासे झाल्यावरच माघारी फिरली.